कोंबडीच्या पिल्लांचा पाला
(इयत्ता चौथी)

आपल्या वर्गात २६ मुले आहेत. त्यांपैकी १९ जणांच्या घरी कोंबड्या आहेत. हे मी मधल्या सुट्टीत एकेकाला विचारून वहीत लिहिले. मग त्या १९ जणांना मी दुसरा प्रश्न विचारला : लहान पिल्लांना पाला घालावा का? ७ जण म्हणाले घालावा. ५ जण म्हणाले मुळीच घालू नये, हगवण लागते. बाकीचे ७ जण म्हणाले, आम्ही काही घालत नाही, पिल्लं आपलं आपण खातात. म्हणजे एकाच गावात तीन उत्तरे आली. बाई म्हणाल्या, "मग तूच शोधून काढ आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून हा लेख लिहिला आहे. तो लांब झाला, म्हणून तीन कागदांवर चिकटवला आहे.

मला हे शोधण्याची गरजही होती. दिवाळीच्या आधी आजीने खुडूक कोंबडी ११ अंड्यांवर बसवली होती. २१ दिवसांनी ९ पिल्ले निघाली. दोन अंडी गदळ निघाली. पिल्ले ६ दिवसांची असताना कोंबडीला मुंगसाने नेले. भरदिवसा, गोठ्याच्या मागून नेले. राहिली नुसती पिल्ले. मागच्या पावसाळ्यातली आमची पिल्ले एक सोडून सगळी मेली होती. तेव्हाच आई म्हणाली होती, या वेळची जगली नाहीत तर कोंबड्या बंद. आजी अंडी दुकानात घालते आणि त्या पैशांतून तिच्या डोळ्यांत घालायचे औषध आणते. त्यामुळे आजी काही बोलली नाही, पण त्या रात्री ती जेवली पण नाही.

कोंबडी पिल्लांना काय काय शिकवते, ते कोंबडी गेल्यावर कळते. ती पायाने माती उकरते. काही सापडले की टुकटुक असा आवाज करते आणि चोचीत धरलेले परत खाली टाकते. आपण खात नाही. पिल्ले धावत येऊन ते टिपतात. असे दिवसातून शंभर वेळा तरी चालते. त्यातून पिल्लांना कळते की हे खायचे आणि हे नाही. आमची पिल्ले मात्र कोंबडी गेल्यावर पहिल्या दिवशी नुसती चिवचिव करत होती. खाद्य समोर असून दोघेतिघेच टिपत होते. आजी म्हणाली, "बोटानं टोच बघू जमिनीवर." मी बोटाचे नख चोचीसारखे जमिनीवर टकटक आपटले आणि तोंडाने टुकटुक केले. सगळी आली की! जिथे बोट आपटेल तिथेच टोचा मारू लागली. पुढे पाला खायला पण मी त्यांना असेच शिकवले.

आता ऊब. हे पाल्याच्या आधी लिहिले पाहिजे, कारण गारठलेले पिल्लू काहीच खात नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. मग दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करायची. आमच्याकडे थर्मामीटर नाही. पण पिल्लेच सांगतात. दिव्याखाली एकावर एक गोळा झाली तर थंडी वाजते आहे. लांब जाऊन, पंख पसरून, चोच उघडी ठेवून बसली तर उकडते आहे. सगळीकडे पांगून खात असली तर बरोबर आहे. आम्ही डालग्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला. हल्ली सगळ्यांकडे एलईडी बल्ब आहेत. त्यांचा उजेड पडतो, पण ऊब येत नाही. पिवळा बल्ब आमच्या घरात एकच होता, तोही देवळीत ठेवलेला. तो उडाला असता तर काय केले असते कोण जाणे.

सातव्या दिवशी अण्णांनी पिल्ले टोपलीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. तिथे मानमोडी रोगावरची लस थेंबाने देतात. तिचे नाव लासोटा. मी पण गेले होते. डॉक्टरांना मी पाल्याचे विचारले. ते म्हणाले, "पाला दे, पण जेवण म्हणून नको, कोशिंबीर म्हणून दे." मग त्यांनी मला सगळे समजावून सांगितले. खाली लिहिले आहे त्यातले बरेचसे त्यांनीच सांगितले आहे. काही आजीने सांगितले. काही मी स्वतः पाहिले.

पिल्लाला वाढायला सगळ्यांत जास्त प्रथिने लागतात. पंख, मांस सगळे त्याचेच बनते. पिल्लांसाठी जे तयार खाद्य मिळते (त्याला दुकानात स्टार्टर म्हणतात), त्यात १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. नुसत्या तांदळाच्या कण्या किंवा बाजरी घातली तर त्याच्या निम्मीसुद्धा होत नाहीत, किंवा निम्म्याच्या आसपास. आणि पाल्यात? पाल्यात बहुतेक पाणीच असते.

ते मला पटेना. मेथीची जुडी हातात घेतली तर काही पाणी गळत नाही. म्हणून मी एक प्रयोग केला. किराणा दुकानातल्या काट्यावर अर्धा अर्धा किलो चार जिनसा मोजून घेतल्या. त्या बारीक चिरून पत्र्यावर फडक्याखाली कुरकुरीत होईपर्यंत वाळवल्या. वर फडके घातले नाही तर चिमण्या नेतात. पाच दिवसांनी परत वजन केले. ५०० ग्रॅम लसूणघासाचे ११० ग्रॅम राहिले. मेथीच्या पानांचे ७५ ग्रॅम. कोबीचे ४५ ग्रॅम. आणि काकडीचे फक्त २५ ग्रॅम! आई म्हणाली, "एवढी काकडी उन्हात घालतेस, त्यापेक्षा खाल्ली असतीस." पण त्यामुळे समजले. पिल्लाच्या गळ्याखाली एक पिशवी असते. खाल्लेले आधी तिथे साठते. ती पिशवी लहानशी, बोराएवढी. ती काकडीने भरली तर पिल्लाला वाटते पोट भरले. पण त्यात पाणीच असते. आपण दप्तरात नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरल्या तर वह्यापुस्तके कुठे ठेवायची? तसेच ते आहे. म्हणून ज्यांनी हगवण लागते असे सांगितले त्यांचेही थोडे बरोबर आहे. फार पाला खाल्ला की विष्ठा पातळ आणि हिरवट होते. तो रोग नसतो. पण पिल्लू वाढत नाही.

मग पाला घालायचाच कशाला? त्याचे कारण असे, की हिरव्या पाल्यात जीवनसत्त्वे असतात. 'अ' जीवनसत्त्व ज्यातून तयार होते ते कॅरोटीन पाल्यात आणि गाजरात पुष्कळ असते. ते पिल्लांना मिळाले नाही तर डोळे चिकटतात, वाढ खुंटते आणि रोग लवकर लागतात. तयार खाद्यात जीवनसत्त्वे मिसळलेली असतात. पण आमच्यासारखे जे अर्धे खाद्य आणि अर्ध्या कण्या घालतात, त्यांच्या पिल्लांना पाल्याची खरी गरज असते. आजीला जीवनसत्त्व हा शब्द माहीत नाही. ती म्हणते, "हिरवं खाल्लं की पिल्लाच्या डोळ्यांत पाणी येतं." म्हणजे तेज येते. तिचे आणि डॉक्टरांचे इथे एकच झाले.

किती घालायचा? डॉक्टर म्हणाले, दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. दुसऱ्या आठवड्यात आमचे एक पिल्लू दिवसाला सुमारे १० ग्रॅम खाद्य खात होते. पिल्ले ९. म्हणून ९ × १० = ९० ग्रॅम. त्याचा दहावा भाग ९ ग्रॅम. ९ ग्रॅम पाला म्हणजे पाच बोटांच्या चिमटीत येतो तेवढा. सगळ्या पिल्लांना मिळून! मला तो फारच कमी वाटला. पण बारीक चिरला की जरा जास्त दिसतो.

पहिल्या आठवड्यात आम्ही पाला घातलाच नाही. पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा त्याच्या पोटात बलक शिल्लक असतो. त्यावर ते दोन दिवस काढू शकते. त्यानंतर आठवडाभर खाद्य, कण्या आणि पाणी. दहाव्या दिवसापासून आम्ही पाला सुरू केला. ज्यांची कोंबडी जिवंत आहे त्यांना हा प्रश्न नाही. ती पिल्लांना घेऊन हिंडते, तेव्हा ती चौथ्या-पाचव्या दिवशीच गवताची टोके टिपू लागतात. पण त्याच वेळी ती वाळूचे कणही टिपतात. ती वाळू फार महत्त्वाची आहे. आता तिच्याबद्दल लिहिते.

कोंबडीला दात नसतात हे सर्वांना माहीत आहे. मग ती ज्वारी कशाने दळते? पेट्याने. आपल्याकडे कलेजी-पेटा म्हणतात त्यातला पेटा. पुस्तकात त्याला पेषणी म्हणतात. आमच्या गावच्या जत्रेला अण्णांनी कोंबडा कापला, तेव्हा मी त्यांना पेटा उघडून दाखवायला सांगितला. बाहेरून तो गोट्यासारखा कठीण, जाड मांसाचा. आत पिवळी, सुरकुतलेली कातडी होती. ती साल सोलावी तशी निघते. आणि त्यात बारीक बारीक खडे होते. मी ते धुऊन मोजले. ३८ निघाले. एक त्यात निळ्या बांगडीच्या काचेचा तुकडा होता, पण टोचत नव्हता. घासून घासून गोल मण्यासारखा झालेला. म्हणजे पेटा केवढ्या जोराने दळत असेल बघा! जाते आणि पेटा सारखेच. जात्याला दगड, पेट्याला खडे. तो काचेचा तुकडा माझ्या कंपासपेटीत आहे. ज्याला पाहायचा त्याने पाहावा, पण परत द्यावा.

तयार खाद्य भुकटीसारखे असते. ते पाण्याने मऊ होते, त्याला खडे लागत नाहीत. पण पाल्याला धागे असतात. डालग्यात कोंडलेल्या पिल्लांना पाला घालायचा असेल तर वाळू दिलीच पाहिजे. आम्ही ओढ्यातली वाळू आणून धुऊन चाळली. पहिल्यांदा रव्याएवढी आणि महिन्यानंतर बाजरीएवढी. ती एका पणतीत वेगळी ठेवली. खाद्यात मिसळायची नाही. पिल्ले लागेल तेवढीच टिपतात.

आमचे एक पिल्लू वाचले नाही, ते यामुळेच. तिसऱ्या आठवड्यात पिल्ले दुपारी अंगणात सोडली होती. त्यातल्या तांबड्या पिल्लाला पेंढ्याजवळ गवताची लांब काडी सापडली, वितीएवढी. बाकीची मागे लागली म्हणून ते पळत पळत गिळत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मान वाकडी करून बसले होते. रोज सकाळी पिल्लांची गळ्याखालची पिशवी रिकामी आणि मऊ असते, कारण रात्री सगळे जिरते. त्याची मात्र गच्च, लिंबासारखी कडक. आजीने तेलाचे दोन थेंब चोचीत सोडले आणि हलक्या हाताने चोळत राहिली. मी शाळेत आले तरी माझे लक्ष तिकडेच. संध्याकाळपर्यंत ते मेले. आजी म्हणाली, आत गवताचा गोळा झाला असणार. तेव्हापासून मी रोज सकाळी खाद्य घालण्याआधी एकेका पिल्लाची पिशवी बोटाने चाचपून बघते. तुम्ही पण बघा. याला पैसे लागत नाहीत.

तर पाला चिरण्याची रीत. दोन आठवड्यांच्या पिल्लाला तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठा तुकडा नको. देठ घ्यायचेच नाहीत. आई विळीवर कोथिंबीर चिरते त्याहून बारीक. चार आठवड्यांनंतर मात्र उलटे करायचे. चिरायचे नाही. चार-पाच काड्यांची जुडी सुतळीने घट्ट बांधून पिल्लांच्या डोक्याच्या जरा वर टांगायची. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जुडी सैल पडली असली तर पिल्लू ती चोचीने ओढते आणि अख्खी काडी गिळते. घट्ट टांगली असली तर ते पान ओढते, ताण बसतो आणि चोचीपुरता तुकडा तुटतो. म्हणजे पिल्लू आपला पाला आपणच चिरते! दुसरा फायदा असा, की टांगलेल्या पाल्यावर शेण-मुताची घाण लागत नाही. आणि तिसरा, पिल्ले कामात राहतात. डालग्यात कोंडलेली पिल्ले कंटाळली की एकमेकांच्या शेपटीला चोचा मारतात. रक्त दिसले की मग सगळी त्यालाच टोचतात. आमच्याकडे जुडी टांगल्यापासून ते थांबले.

कोणता पाला? हे मी रोज वहीत लिहीत गेले. एका वेळी दोन प्रकारचा पाला दोन बाजूंना ठेवायचा आणि कोणता आधी संपतो ते बघायचे. सर्वांत आधी संपतो तो तांदुळजा. त्याच्यामागे शेवग्याची पाने, मग घोळ, मग घास. मेथी खातात, पण आधी बाकीचे संपवून. पाथरी आणि चाकवत वावरात पुष्कळ होते, ते पण आवडीने खाल्ले. कडुलिंबाला एकदा चोच लावली आणि डोकी हलवून चोच जमिनीला पुसली. मला फार हसू आले. चवीचे तसे पक्ष्यांना आपल्याएवढे कळत नाही म्हणतात, पण कडू त्यांना नक्की कळते.

शेवग्याचे थोडे जास्त लिहिते, कारण तो सगळ्यांच्या दारात असतो आणि लोक त्याच्या शेंगा घेतात, पाला गुरांना टाकतात. बाकीच्या पाल्यापेक्षा शेवग्याच्या पानांत प्रथिने जास्त असतात. पान मुळातच बारीक, चिरायचा त्रास नाही. काडीवरून हात ओढला की पाने मुठीत येतात. सावलीत वाळवून चुरली तर उन्हाळ्यासाठी ठेवता येतात. उन्हात वाळवली तर पिवळी पडतात आणि कॅरोटीन कमी होते. घासाचे पण असेच. आमच्या शेजारच्या काकूंकडे गाईंसाठी घास आहे. त्या मला रोज एक मूठ नेऊ देतात. घासाचे नुसते शेंडे घ्यायचे.

पालकाबद्दल मला आश्चर्य वाटले. आपल्याला पालक खा, पालक खा म्हणतात. पण पिल्लांना तो रोज घालू नये. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असते, ते चुन्याला धरून ठेवते. म्हणजे खाद्यातले कॅल्शियम, जे हाडांना लागते, ते पिल्लाच्या अंगी लागत नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी चालते. हरभऱ्याच्या पाल्यालाही आंब असते, म्हणून तोही थोडाच. तांदुळज्यात पण हे आम्ल असते, घोळीत तर चांगलेच असते. त्यामुळे एकच पाला रोज न घालता मी वार वाटून घेतले. सोमवार शेवगा, मंगळवार घास, असे. पालक फक्त बाजाराच्या दिवशी.

भाज्यांमध्ये गाजर किसून घालावे. कोबीचा गड्डा चार आठवड्यांनंतर टांगावा, ती त्याला चेंडूसारखी टोचतात. लाल भोपळ्याचा आतला मगज, दुधी, काकडी हे उन्हाळ्यात बरे, पण थोडेच. आपल्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडे गाजराची टोके आणि कोबीची वरची पाने रोज निघतात. मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी वेगळी काढून ठेवायला सुरुवात केली. आता मात्र आणखी चौघेजण मागायला येतात, म्हणून मावशींनी वार लावले आहेत. माझा बुधवार.

पण उरलेली खिचडी पिल्लांना नेऊ नका. काही मुले डब्यातून नेतात, मला माहीत आहे. खिचडीत मीठ असते. एवढ्याशा पिल्लाला आपल्या तोंडचे मीठ फार होते. त्याने ती सारखी पाणी पितात, पातळ हगतात आणि मरतातसुद्धा.

आणखी काही गोष्टी घालायच्या नाहीत. हिरवा पडलेला बटाटा आणि त्याची साल, बटाट्याची व टोमॅटोची पाने. कच्ची घेवड्याची किंवा राजम्याची बी. शिजवली तर चालते, कच्ची विषारी. कांदा आणि पात. फार खाल्ली तर अंगातले रक्त कमी होते. आमच्याकडे कांदा सगळीकडे आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. एरंडाच्या बिया, धोतरा, रुई, कण्हेर, घाणेरी हे तर कोणी घालणारच नाही, पण परसात पिल्ले मोकळी असली तर ही झाडे तिथे नसावीत. कोवळ्या ज्वारीची पाने गुरांना बाधतात, म्हणून आजीने ती पिल्लांनाही घालू दिली नाहीत.

सगळ्यांत मोठी भीती मात्र फवारणीची आहे. बाजारातली कोबी आणि मेथी कीड पडू नये म्हणून फवारलेली असते. औषधाच्या बाटलीवर लिहिलेले असते की फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही. सगळे ते वाचतात असे नाही. मोठ्या माणसाला जे बाधत नाही ते ५० ग्रॅमच्या पिल्लाला बाधू शकते. बाजारची भाजी असली तर वरची पाने काढून टाकून, दोनतीन पाण्यांनी धुऊन घाला. त्यापेक्षा बांधावरचा तांदुळजा बरा, पण त्या वावरात तणनाशक मारले आहे का ते मालकाला आधी विचारा. आमच्या ओळीत एका वावरात मारले होते, तिथले मी आणले नाही.

परसातला पाला सगळ्यांत चांगला. परसबाग म्हटले की आमच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव निघतेच. त्यांनी देशी वाणांचे बी जपले, म्हणून त्यांना बीजमाता म्हणतात आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या आजीने सांडपाण्याच्या कडेला राजगिरा, माठ आणि चाकवत टाकले आहे. भांडी घासलेले साबणाचे पाणी तिकडे जाऊ देत नाही, नुसते धुण्या-विसळण्याचे पहिले पाणी जाते. एवढ्या पट्टीत घरची भाजी होऊन पिल्लांना पुरते.

पाला संध्याकाळी ठेवायचा नाही. सकाळी खाद्य खाऊन झाल्यावर, दहाच्या सुमारास घालायचा, म्हणजे आधी पोटात खाद्य जाते. मी शाळेत असते म्हणून ते आजी करते. दुपारी उरलेला पाला उचलून उकिरड्यावर टाकायचा. दमट पाला डालग्यात राहिला की तो कुजतो, त्याला बुरशी येते आणि खालचा भुसा ओला होतो. ओल्या भुशातून रक्ती हगवणीचा रोग पसरतो. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले तर ते पाल्यामुळे आहे असे म्हणून गप्प बसू नका. लगेच दवाखान्यात न्या. हिरवे पातळ आणि रक्ताचे पातळ यांत फार फरक आहे.

पाण्याच्या थाळीत चार गोटे टाका. त्याने पिल्लू बुडत नाही. ज्यांना स्टार्टर विकत घ्यायला परवडत नाही त्यांच्यासाठी आजीची एक युक्ती : जुने मडके घ्यायचे, त्यात शेण, पाचट आणि थोडे पाणी घालून वारुळाजवळ पालथे ठेवायचे. एकदोन दिवसांत आत वाळवी भरते. ती पिल्लांपुढे झटकायची. त्यात भरपूर प्रथिने असतात. पाल्याने जे मिळत नाही ते वाळवीने मिळते. आम्ही आठवड्यातून दोनदा असे करतो. पिल्ले मडके दिसले तरी धावतात.

दर रविवारी मी पिल्लांचे वजन केले. सगळी डब्यात घालून, डब्याचे वजन वजा करून. एका आठवड्याची असताना ९ पिल्लांचे ४३० ग्रॅम भरले, म्हणजे एकाचे सुमारे ४८ ग्रॅम. चार आठवड्यांनी ८ पिल्लांचे १२८० ग्रॅम, म्हणजे सरासरी १६०. सहाव्या आठवड्यात एक पिल्लू घारीने नेले. आठ आठवड्यांनी ७ पिल्लांचे २८०० ग्रॅम, सरासरी ४००. किराणावाले काका म्हणतात, आता ही डब्यात मावत नाहीत, उद्यापासून काट्यावर आणू नकोस.

अंड्याचे एक सांगायचे राहिले. पाला खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यातला बलक गडद पिवळा, कधी केशरी असतो. तो रंग पाल्यातूनच येतो. आमच्या दुसऱ्या कोंबडीचे अंडे आणि दुकानातले पांढरे अंडे मी शेजारी शेजारी फोडून पाहिले, तर आमचे जास्त गडद होते. पण नुसत्या रंगावरून अंड्यात प्रथिने जास्त आहेत असे समजू नये. हे मी बाईंना विचारून लिहिले आहे, कारण आमच्या घरी सगळे तसेच समजत होते.

आता सातही पिल्ले दहा आठवड्यांची झाली आहेत. पाच तलंगा आहेत आणि दोन कोंबडे. दिवसभर परसात हिंडून आपला पाला आपण खातात, मी फक्त संध्याकाळी मूठभर ज्वारी टाकते. खुराड्याच्या मागची फट अण्णांनी दगड-मातीने बुजवली, म्हणजे मुंगूस येणार नाही. गावरान तलंग सहा-सात महिन्यांची झाली की अंडी घालू लागते. म्हणजे आषाढाच्या सुमारास. आईने कोंबड्या बंद करण्याचे परत काढलेले नाही.

पाऊस पडायच्या आधी आजी शेवगा छाटणार आहे. मनगटाएवढी जाड आणि कमरेएवढी लांब फांदी हातभर खड्ड्यात लावली तर ती फुटते. ज्यांना पाहिजे असतील त्यांनी मला मधल्या सुट्टीत नावे सांगावीत. आतापर्यंत ६ नावे आली आहेत आणि फांद्या १० तरी निघतील.